उपवास सोपा, रोजरी अवघड

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑफिसच्या कँटीनमध्ये मला एक प्रश्न हमखास येतो. "काय, तुमचा श्रावण सुरू झाला ना? यंदा काय सोडलंस?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, आणि मीही बरीच वर्षं तितक्याच सहजपणे उत्तर देत आलो. एका वर्षी चिकन-मटण, एका वर्षी बिअर, एका वर्षी फेसबुक. एकदा तर साखर सोडली होती. ईस्टरपर्यंत तीन किलो वजन उतरलं आणि टीममधल्या दोघांनी सांगून ठेवलं, "पुढच्या वर्षी आम्हालाही आधी कळव रे, मिळून करू." तेव्हा जाम भारी वाटलं होतं. आज वाटतं, त्या वर्षी मी केलं ते सरळसरळ डाएट होतं. त्याला लेंट म्हणणं जरा जास्तच झालं.

हे नीट लिहून काढावं असं गेले बरेच दिवस मनात होतं. आज शनिवार आहे, चहा झालाय, तेव्हा लिहितोच.

आधी थोडी माहिती. मी वसईचा. तिकडे आमची मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची गावंच्या गावं आहेत. मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, भांडणं तर मराठीतच. लेंटला आमच्याकडे उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. त्या दिवशी फादर कपाळावर राखेने क्रूस काढतात. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. आमच्या घरी ती झावळी वर्षभर आल्ताराच्या क्रूसामागे खोचलेली असते, वाळून पार पिवळी होते, आणि बुधवारच्या आधी आई ती चर्चमध्ये परत नेऊन देते. म्हणजे कपाळाला लागते ती आपल्याच घरची राख. (ऐरोलीच्या ऑफिसात ती घेऊन गेलो की निम्म्या लोकांना ती कुठल्यातरी मठातला अंगारा वाटते. महाराष्ट्रात कपाळावर काही असणं ही बातमीच नाही, त्यामुळे कोणी विचारतही नाही. त्याच दिवशीचं शुभवर्तमान म्हणतं की उपवास केला तर कुणाला दिसू देऊ नका. त्या दृष्टीने हे बरंच आहे.)

आता चाळीस दिवसांचा हिशेब. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. मी इंजिनिअरिंगला असताना यावर फादरांशी वाद घातला होता, की तुमच्या कोडमध्ये बग आहे. बग नाही. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. ४६ वजा ६, चाळीस. येशूने रानात काढलेल्या चाळीस दिवसांची ती आठवण. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते, २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही. चर्चच्या गणितात २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या नंतरचा रविवार तो ईस्टर. पंचांग वापरणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

या काळात तीन गोष्टी करायच्या असतात: प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. राखेच्या बुधवारच्या वाचनात या तिन्हींबद्दल येशू एका दमात बोलतो. मग आम्हा पोराबाळांच्या तोंडी नुसतं "काय सोडलंस" एवढंच का उरलं? माझं मत असं की उपवास मोजता येतो, म्हणून. किती दिवस झाले, किती वेळा मोडला, किती किलो उतरलं. आमच्या पिढीला मोजता येणारं सगळं आवडतं. आता तर प्रार्थनेचीही अ‍ॅप्स आहेत. रोजची प्रार्थना झाली की स्ट्रीक वाढते आणि चुकवली की फोन आठवण करून देतो. मी स्वतः नोटिफिकेशनचा कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे या प्रकाराला नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही. पण ती स्ट्रीक कशासाठी ठेवतात तेही मला पक्कं माहीत आहे. माणूस अ‍ॅप उघडत राहावा म्हणून. देवाचा त्याच्याशी संबंध थोडा कमी असतो.

आणि उपवासाचं म्हणाल, तर चर्चचा नियम आता अगदीच माफक आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवास, म्हणजे एकच पूर्ण जेवण, आणि लेंटच्या शुक्रवारी मांस नाही. मांस नाही म्हटलं तरी मासे चालतात! आता वसईच्या माणसाला शुक्रवारी मटणाऐवजी पापलेट खा म्हणणं ही शिक्षा आहे का सांगा. आमची आई या पळवाटेवर इतकी चिडते की तिने घरात लेंटभर मासेही बंद केलेत. डाळ, भाजी, भात. "रोमला चालतं, माझ्या घरात चालत नाही," हे तिचं वाक्य.

तर मुद्दा प्रार्थनेचा. कॉलेजात असताना मला घरची रोजरी म्हणजे सरळ फॉर लूप वाटायची. एक ‘नमो मरिया’, मग परत तीच, मग परत तीच. पाच दशकं आणि सुरुवातीच्या तीन धरून ५३ वेळा. ज्याला खरंच काही सांगायचंय तो एकदाच नीट सांगेल ना, असा माझा युक्तिवाद असे. पप्पा त्यावर काही बोलत नसत, नुसती माळ हातात देत. आजीचं तर आणखी गमतीचं. तिचं लहानपण आणि अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सात गेलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात, मातृभाषेतली मिस्सा आली. तोवर ती अर्थ न कळता सगळं पाठ म्हणत होती, आणि शेवटच्या आजारात, माणसांची नावं विसरल्यावरही, तिच्या तोंडून लॅटिन ओळी येत होत्या. मी तेव्हा म्हटलं होतं, हे पाठांतर आहे, प्रार्थना नव्हे. आज तसं म्हणायचं धाडस होत नाही.

बाकी ऐकलेलं आपल्या भाषेत असावं ही ओढ आपल्याकडे फार जुनी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ मध्ये ते राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. इथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची पुराण ऐकायची सवय होती, त्यांना तसंच काहीतरी हवं होतं. पुराण म्हणजे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचं. एकट्याने कानात इयरफोन घालून ऐकायची ती चीज नव्हे. असो, यावर एक वेगळा लेख होईल.

चर्चमध्ये लेंट दिसतो. फादरांचा झगा जांभळा होतो, आल्तारावरची फुलं जातात, ‘आलेलुया’ गायचं बंद होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट. भिंतीवर चौदा चित्रं असतात: येशूला शिक्षा होते तिथपासून त्याला कबरेत ठेवतात तिथपर्यंत. प्रत्येकापाशी थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची, पुढे जायचं. चौदा हा आकडा अठराव्या शतकात पक्का झाला. यातले काही प्रसंग बायबलमध्ये नाहीतच. रुमालाने येशूचं तोंड पुसणारी वेरोनिका नाही, येशू तीनदा पडला हेही नाही. लोकांनी चालता चालता ते घातले असावेत. मला तेच प्रसंग जास्त आवडतात. तीनदा पडणं हे ज्याने कुणी घातलं त्याला माणसं ठाऊक होती.

आमच्या वसईचा एक माणूस तर ही वाट खरोखरच चालला. संत गोन्सालो गार्सिया. फ्रान्सिस्कन ब्रदर होता, जपानमध्ये काम करत होता. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना क्योटोत पकडलं, डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. तिथे ५ फेब्रुवारी १५९७ला सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. त्याचा सण लेंटच्या अगदी तोंडावर येतो. लहानपणी सणाला नवे कपडे आणि जेवण एवढंच कळायचं. महिनाभर चालताना ते सव्वीस जण एकमेकांशी काय बोलत असतील, हा प्रश्न मला हल्ली पडतो.

पण खरं सांगू का, चर्चमधली प्रार्थना सोपी असते. पाचशे माणसं असतात, मागच्या बाकावर बसता येतं. शेजारचा माणूस ओळखीचा असला तरी त्याचं आणि आपलं काही अडलेलं नसतं. गाणी सुंदर असतात, गळा दाटून येतो, बाहेर आल्यावर बरं वाटतं. घरी तसं नाही. घरी पाचच माणसं, आणि त्या पाचांना आपण आतून-बाहेरून ठाऊक.

२०२०च्या लेंटमध्ये हे पहिल्यांदा जाणवलं. अर्धा लेंट झाला आणि लॉकडाऊन लागलं. चर्च बंद. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात एकटेच उभे होते, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. पवित्र आठवडा आख्खा घरात गेला. गुड फ्रायडेला पप्पांनी वहीच्या कागदावर १ ते १४ आकडे लिहिले आणि वाडीत केळींना, माडांना, विहिरीच्या कठड्याला चिकटवले. आम्ही सगळे घरातल्या घरात क्रुसाची वाट चाललो. बारावं स्थान, म्हणजे येशूचं मरण, विहिरीपाशी होतं. पुतणी तेव्हा लहान होती, तिने प्रत्येक केळीपुढे इमानदारीत गुडघे टेकले. तोवरच्या सगळ्या लेंटपैकी मला तोच लख्ख आठवतो. त्याच काळात फोनवरची रोजरीही सुरू झाली होती, कुवेतची मावशी, नालासोपाऱ्याचा मामा, सगळे व्हिडिओवर. आवाज एक सेकंद उशिरा पोचायचा, त्यामुळे सगळ्यांनी एकदम म्हटलं की नुसता गोंगाट. शेवटी मी सगळ्यांना म्यूट केलं आणि एकालाच बोलायला ठेवलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात पुण्याचं टेक सपोर्टचं काम.

२०२२ मध्ये पप्पा गेले. आणि मग जे बऱ्याच घरांत होतं ते आमच्याकडेही झालं. वाडी. दादाचं म्हणणं, दहा गुंठे विकू, विहिरीचं पाणी मचूळ झालंय, पानवेली गेल्या, केळीत काही सुटत नाही. माझं म्हणणं, पप्पांची वाडी विकायची नाही. वारस म्हणून माझी सही लागत होती, ती मी दिली नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी ऐरोलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एसीत बसून वाडी राखायच्या गोष्टी करत होतो, आणि पहाटे उठून पंप लावायचा तो त्याने. हे त्याने मला ऐकवलंही, जरा वेगळ्या शब्दांत. मीही ऐकवलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद. एका ताटात जेवलेले आम्ही दोघं, निरोप आईमार्फत द्यायला लागलो.

पुढच्या लेंटला मी काय सोडलं असेल? कॉफी. चाळीस दिवस एक थेंब घेतला नाही. शुक्रवारी घरीही गेलो नाही, रिलीज आहे म्हणून सांगितलं. रिलीज नव्हतं. पवित्र आठवड्याच्या आधी कन्फेशनला गेलो, नेहमीची यादी वाचल्यासारखी सांगितली. जाळीपलीकडच्या फादरांनी शांतपणे विचारलं, "घरी सगळ्यांशी बोलता ना?" मी गप्प. ते म्हणाले, "मग कॉफी प्यायलात तरी चालेल." मला राग आला होता. एवढं तडफेने पाळलेलं व्रत, आणि हा माणूस म्हणतो प्या.

नंतर घरी येऊन लेंटची वाचनं काढून बसलो. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याचं वाचन असतं. उपवास करता आणि भांडताही, असला उपवास मला नको, असं देव लोकांना खडसावतो. पुढच्या शुक्रवारचं शुभवर्तमान तर थेट भावावरच: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाशी बिनसलंय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी उधळ्या पुत्राचा दाखला. दोन भाऊ आणि जमिनीची वाटणी! थोरला रुसून घराबाहेर उभा राहतो आणि तो आत आला की नाही हे गोष्टीत सांगितलेलंच नाही. इतकी वर्षं ही वाचनं दरवर्षी ऐकत होतो. ज्याने कुणी हे कॅलेंडर लावलं त्याला आमच्या वाडीचा सातबारा दाखवला होता की काय, असं वाटायला लागलं.

त्याच्या पुढच्या लेंटपासून आईने एकच अट घातली. शुक्रवारी क्रुसाची वाट झाली की साडेआठला घरी रोजरी, आणि दोघांनीही बसायचं. बोलू नका, पण बसा. मग मी दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की ठाण्याहून घोडबंदर रोडने निघायला लागलो. (शुक्रवार संध्याकाळचा घोडबंदर रोड हे पंधरावं स्थान म्हणून जोडायला हरकत नाही.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रोजरी कशी म्हणतात. ‘नमो मरिया’चे दोन भाग असतात. पहिला अर्धा भाग एकजण म्हणतो, दुसरा अर्धा बाकीचे सगळे. पाच दशकं, आमच्याकडे आता माणसंही पाच: आई, वहिनी, पुतणी, दादा आणि मी. प्रत्येकाने एक दशक चालवायचं. शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात. चौथं, येशू क्रूस वाहतो ते, दादाचं. म्हणजे त्याने वाक्य सुरू करायचं आणि मी ते पूर्ण करायचं, दहा वेळा. पुढचं दशक माझं, मी सुरू करायचं आणि त्याने पूर्ण करायचं. पहिल्या शुक्रवारी माझा आवाजच फुटेना. ज्याच्याशी वर्षभर बोललो नाही त्याच्या प्रत्येक वाक्याचं दुसरं टोक माझ्याकडे! आणि त्या दुसऱ्या भागात आपण स्वतःला पापी म्हणवून घेतो, तेही अनेकवचनात. मी पापी असं नाही, आम्ही. त्यात दादाही आला आणि मीही.

आणि तेव्हा मला तो फॉर लूप कळला. राग असतो तेव्हा स्वतःचे शब्द कामाला येत नाहीत. जे सुचतं ते सगळं वकिली असतं. त्या खोलीत मला ‘मनापासून चार शब्द बोल’ म्हटलं असतं तर मी सातबाराच वाचला असता. पाठ असलेले, दुसऱ्या कुणीतरी दिलेले, झिजलेले शब्द होते म्हणून आम्ही दोघं एका खोलीत वीस मिनिटं गुडघ्यांवर राहू शकलो.

म्हणून माझं मत, पटलं नाही तर भांडा: लेंटमध्ये चिकन खायचं असेल तर शुक्रवार सोडून खुशाल खा. पण ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याबरोबर आठवड्यातून एकदा तरी प्रार्थनेला बसा. ती माणसं बहुतेक चर्चमध्ये नसतात, घरीच असतात. ‘हे आमच्या बापा’ तर याहून धोकादायक आहे. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशीच आम्हाला कर, अशी सरळ अट त्यात आपण स्वतःच्या तोंडाने घालतो. कुठल्याही शहाण्या माणसाने असल्या अ‍ॅग्रीमेंटवर सही करू नये. आम्ही रोजरीत ती सहा वेळा करतो.

काहीजण म्हणतील, आम्ही बेंगळुरूला पीजीत एकटे राहतो, आम्ही काय करायचं? फोन आहे की. मात्र बाकीच्यांना म्यूट करा.

काहींना घाई असेल की शेवटी काय झालं. फार काही नाही. गेल्या लेंटच्या पाचव्या शुक्रवारी दादा चौथं दशक चालवत होता. दिवसभर पंप बिघडलेला, तो दमलेला होता, डोळे मिटत होते. माळेवरचा मणी सरकवायचा राहिला असावा, दहा झाल्यावर त्याने अकरावी ‘नमो मरिया’ सुरू केली. मोजण्याची माझी सवय जात नाही.

"दहा झाले," मी म्हटलं.

वहिनी माझ्याकडे बघायला लागली, आईने डोळे उघडले नाहीत. दादा थांबला. मग त्याने माळ माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाला, "धर मग, तूच मोज."

सहीचा विषय अजून तसाच आहे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पंप उघडून बघायला आम्ही दोघं विहिरीवर गेलो, तर इंपेलरच गेला होता. नवीन टाकलाय. निम्मे पैसे मी दिले, ते त्याने ठेवून घेतले.